पोटगीचा प्रत्येक महिना वेगळा मोजला जातो

इंदूरच्या सुदामा नगरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नावगाव बदललं तर हेच पत्र मला वर्षातून कितीतरी वेळा येतं. कुटुंब न्यायालयाने 2023 मध्ये त्यांना महिना 8,000 आणि मुलीला 4,000 रुपये भरण-पोषण मंजूर केलं. नवऱ्याने काही महिने पैसे दिले आणि मग हात आखडला. त्याला आता 19 महिने झाले. नवरा पिथमपूरच्या कारखान्यात पगारी नोकरीत आहे. आता त्याने मध्यस्थांकरवी निरोप धाडला आहे: आपसी सहमतीने घटस्फोट दे, तीन लाख एकरकमी घे, मागचं सगळं सोड. ताई विचारतात, सही करू का? आणि नाही केली तर मागचे पैसे मिळतील का?

ताई, घटस्फोट घ्यावा की नाही, ते तुम्ही ठरवा. तुमच्या पत्रात मला एकच गोष्ट टोचली, ती म्हणजे ते 19 महिने.

पोटगीची थकबाकी वॉरंट काढून वसूल करून घ्यायची, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत न्यायालयात अर्ज पडायला हवा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 च्या पोटकलम 3 मध्ये ही अट होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम 144 मध्येही ती तशीच आहे. अर्जावर कोणतं कलम घालायचं ते तुमचे वकील बघतील. वर्षाची अट मात्र दोन्हीकडे तीच.

हे वर्ष आदेशाच्या तारखेपासून मोजत नाहीत, शेवटचा पैसा आला त्या दिवसापासूनही नाही. प्रत्येक महिन्याच्या हप्त्याचं वर्ष वेगळं असतं. तुमचे 19 हप्ते थकले, म्हणजे 2,28,000 रुपये. त्यातले 12 अजून वर्षाच्या आत आहेत, म्हणजे 1,44,000. उरलेले सात, 84,000 रुपये, या वाटेने निसटले. तुम्ही लिहिता की पैसे दर महिन्याच्या 10 तारखेला द्यायचे होते. म्हणजे येत्या 10 तारखेनंतर आठवा हप्ताही जाईल. तुम्ही माझं उत्तर वाचून पुन्हा मामांचा सल्ला घ्यायला बसलात, तर त्या बैठकीची किंमत 12,000 रुपये.

रागावतो आहे, माफ करा. पण तुम्हीच लिहिलं आहे: मामा आधी म्हणाले गणपती होऊ द्या, मग दिवाळी, मग मुलीची परीक्षा, मग "कोर्टात गेलं की माणूस चिडतो, गोडीत घ्या". तुमच्या हातात न्यायालयाचा आदेश होता. त्यासाठी किती पेशा, म्हणजे सुनावणीच्या तारखा, केल्या असतील, किती वेळा सकाळी डबे उरकून कोर्टाच्या बाकावर दुपार काढली असेल, याचा मला अंदाज आहे. इतकं करून मिळवलेला कागद कपाटात ठेवून दिलात, याचं वाईट वाटतं. नवऱ्याचे "पुढच्या महिन्यात नक्की" असे व्हॉट्सअॅप निरोप तुम्ही जपून ठेवले आहेत. ते राहू द्या, उपयोगी पडतील. पण त्यांनी मुदत वाढते असं धरून चालू नका.

ही अट जाचक वाटते, आणि कोर्टाचा संथपणा पाहिला की जास्तच वाटते. तुमच्याकडून महिनाभराचा उशीर झाला तर हप्ता जातो, आणि पिथमपूरला नोटीस बजावायला तीन पेशा गेल्या तरी त्याचा जाब कुणाला विचारायचा? अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढा, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. ज्यांनी या न्यायालयात खेटे घातले त्यांना त्या "शक्यतो"चा अर्थ ठाऊक आहे. म्हणूनच आपल्या हातातला उशीर तरी आपण करू नये.

आता अर्जातल्या एका वाक्याबद्दल. वसुलीचा अर्ज लिहिताना बारा महिन्यांची रक्कम मांडतात आणि थांबतात. मग तो अर्ज वर्ष-दीड वर्ष चालतो, तेवढ्यात नवी थकबाकी साचते, आणि बाई पुन्हा मागे पडते. अर्जाच्या शेवटी स्पष्ट लिहून घ्या: "आणि हा अर्ज निकाली निघेपर्यंत देय होणारी पुढील सर्व रक्कम". शांता विरुद्ध शिवनंजप्पा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितलं आहे की पहिला अर्ज मुदतीत असेल आणि तो चालू असेल, तर नंतर साचलेली रक्कम त्याच कामात मागता येते. दर वर्षी नवा अर्ज करावा लागत नाही. पण त्यासाठी मूळ अर्ज जिवंत हवा. पेशीला गैरहजर राहिल्याने तो खारीज झाला, तर हा आधारही गेला.

गेलेल्या सात हप्त्यांचं काय? ते बुडाले असं मी म्हणणार नाही. पूनगोडी विरुद्ध थंगवेल या 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणतं की वर्षाची अट फक्त वॉरंटच्या वाटेला आहे, मूळ हक्काला नाही, आणि दिवाणी मार्ग खुला राहतो. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालानेही पोटगीचा आदेश पैशाच्या हुकूमनाम्यासारखा (डिक्रीसारखा) बजावता येईल असं म्हटलं आहे. वाट लांब आहे, खर्चाची आहे. त्या 84,000 साठी तिच्यावर निघायचं का, हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. आधी बारा हप्ते वाचवा.

नवरा नोकरदार आहे, हे तुमच्या बाजूचं आहे. त्याच्या पगाराची कपात मागा. पोटगीच्या हुकूमनाम्याच्या बजावणीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो, इतर देण्यांत त्याहून बराच जास्त सुटतो. कारखान्याचं नाव, पत्ता आणि जुनी पगारपत्रिका असेल तर तिची प्रत अर्जाला जोडा. तुरुंगाबद्दल विचारलं आहे. हो, पैसे न भरणाऱ्याला कैद होऊ शकते. एका अर्जावर ती किती काळ, यात न्यायालयांची मतं सारखी नाहीत. पण कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे 1989 पासून पक्कं आहे. मला विचाराल तर आत बसलेला माणूस पगार आणत नाही. आधी पगार धरा.

तुम्ही हल्ली डबे करून महिन्याला थोडंफार कमावता, आणि नवऱ्याने मध्ये एकदा मुलीच्या शाळेची फी भरली. दोन्ही गोष्टी अर्जात स्वतःहून लिहा. समोरचा वकील त्या उकरून काढणारच आहे. तुमच्या कमाईमुळे पोटगी कमी करायची असेल तर नवऱ्याने तसा अर्ज करून आदेश बदलून आणावा. तोवर जुना आदेश जसाच्या तसा उभा आहे.

आता ते तीन लाख. त्यातले 2,28,000 तर तुमचेच आहेत, न्यायालयाने आधीच दिलेले. उरतात 72,000, म्हणजे तुमची आणि मुलीची मिळून सहा महिन्यांची पोटगी. एवढ्यात पुढच्या आयुष्याचा हक्क मागितला जातो आहे. आपल्या इकडच्या कोर्टात तडजोडीच्या कागदाला "राजीनामा" म्हणतात. त्यातलं "पुढे कोणताही दावा करणार नाही" हे वाक्य बोट ठेवून वाचा. घटस्फोटित स्त्रीने पुनर्विवाह केला नसेल आणि ती स्वतःचं पोट भरू शकत नसेल, तर तिला पोटगी मागता येते. पण घटस्फोटानंतर तिने स्वेच्छेने हक्क सोडला तर आदेश रद्द होऊ शकतो. नवऱ्याकडचे लोक लोक अदालतीत चला म्हणतील. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, हे लक्षात ठेवून जा.

मुलीचा हक्क आईच्या सहीने सुटत नाही, असंच न्यायालयं मानत आली आहेत. तरी कागदात तिचं नाव आणि रक्कम वेगळी लिहून घ्या. ती सोळा वर्षांची आहे. अठरा पूर्ण झाल्यावर कलम 125 किंवा 144 खालचे 4,000 साधारणपणे थांबतात. पुढे अविवाहित मुलीला 1956 च्या हिंदू दत्तक व भरण-पोषण कायद्याच्या कलम 20 खाली बापाकडे मागता येतं. 2020 मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या प्रकरणात तो फरक सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केला आहे.

सहमतीचा घटस्फोट घ्यायचाच ठरला, तर दोघांना कोर्टासमोर दोनदा बयान, म्हणजे जबाब, द्यावं लागतं आणि त्या दोन बयानांच्या मध्ये साधारण सहा महिने जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर ते माफ होऊ शकतात, पण माफ होतीलच असं नाही. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, त्याला आणि तुम्हालाही. म्हणून पैशाचे टप्पे असे बांधा की दुसऱ्या बयानाआधी पूर्ण रक्कम डिमांड ड्राफ्टने कोर्टासमोर हातात पडलेली असेल. आणि वसुलीचा अर्ज त्याआधी दाखल झालेला असू द्या. अर्ज पडलेला असला की बोलणी वेगळ्या सुरात होतात.

तुमचे आधीचे वकील फोन उचलत नाहीत, असं लिहिलं आहे. त्यांच्यासाठी थांबू नका. आदेशाची नकल तुमच्याकडे नसेल, भावाकडे राहिली असेल, तर नव्याने अर्ज करा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही, डबे करता म्हणून कुणी परत पाठवलं तर हे सांगा. 15100 हा त्यांचा फोन क्रमांक. वकील कुणीही असोत, वकालतनाम्यावर सही करताना पुढची पेशी कधी, हे स्वतःच्या वहीत लिहून घ्या.

येत्या 10 तारखेच्या आत अर्ज दाखल करा, आणि प्रकरण क्रमांक मिळाला की मला कळवा.