दत्तक घेतलेली कुत्री नावाला ओ देत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षाची देशी कुत्री घरी आणून तीन आठवडे झाले, नाव ठेवलं कोको, आणि दिवसभर 'कोको, कोको' करूनही ती मान वर करत नाही. मला सांगा, दिवसभरात तिच्या कानावर कोको किती वेळा पडतं? आणि त्यातल्या किती वेळा तिच्या तोंडात काही पडतं? पहिला आकडा पन्नास आणि दुसरा शून्य असेल, तर तिच्या लेखी कोको म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक.

आमचं तर याहून वाईट झालं होतं. इथे नागपुरात मानेवाड्याला गल्लीतलाच एक कुत्रा आम्ही घरात घेतला आणि नाव ठेवलं शेरू. पहिली चूक तीच, कारण गल्लीत आधीच दोन शेरू होते. दुसरी चूक मोठी. 'शेरू, उतर', 'शेरू, चप्पल सोड', 'शेरू, काय करून राहिला बे!' आणि रविवारी गोड आवाजात 'शेरू, ये बाळा' म्हणून बोलवायचं नि थेट मोरीत नेऊन अंगावर बादली. महिनाभरात तो नाव पक्कं शिकला. शेरू म्हटलं की दिवाणाखाली. सासरे म्हणाले, "त्याले सगळं समजते, तुम्हालेच समजत नाही."

शेवटी ते नाव सोडूनच दिलं आणि गुंड्या ठेवलं. कोको अजून खराब झालेलं नसेल तर तुम्हाला बदलायची गरज नाही. पण ते ऐकून ती कान पाडत असेल किंवा तोंड फिरवत असेल, तर नवं नाव घ्या. दोन-तीन अक्षरी, घरातल्या कुणाच्या नावाशी न जुळणारं. आणि सगळ्यांनी एकच हाक मारायची. मुलगी कोको, आजी कोकूबाई आणि बाबा 'ए पोरी', असं सध्या नको.

आता करायचं काय. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे एका वाटीत घ्या (मीठ-मसाला नको; कांदा-लसणाचा रस्सा तर अजिबात नको, कुत्र्यांना तो बाधतो). चिकन चालत नसेल तर पनीर. दार लावलेल्या शांत खोलीत, ती दोन हात अंतरावर असताना आणि दुसरीकडे बघत असताना, एकदाच म्हणा, 'कोको'. तिच्या कानाकडे लक्ष ठेवा. गुंड्याचा आधी डावा कान वळायचा, मग डोळा, मग मान. मान वळली त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणायचं आणि लगेच तुकडा द्यायचा. तुम्ही वाटीत चाचपडेपर्यंत ती पुन्हा पंख्याकडे बघायला लागली, तर तुकडा पंख्याकडे बघितल्याचा झाला. आठ-दहा वेळा झालं की थांबा. दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं पुरतात, तीसुद्धा जेवणाआधी, आणि तेवढं तिच्या जेवणातून कमी करा.

नाहीच बघितलं तर? पुन्हा नाव घ्यायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, आपली जीभ राहत नाही. पण चार वेळा म्हणत गेलात तर ती चौथ्या हाकेला बघायला शिकते. त्याऐवजी ओठांनी पुचपुच करा, एक पाऊल मागे जा, बघितलं की द्या, आणि पुढच्या खेपेला थोडं जवळून हाक मारा.

आमची गाडी अडली ती मे महिन्यात. बेडरूममध्ये दहापैकी नऊ वेळा बघणारा गुंड्या हॉलमध्ये ठार बहिरा. आठ दिवस मी त्याला हट्टी ठरवलं. मग लाईट गेली, कूलर बंद पडला, आणि मी सहज नाव घेतलं तर पठ्ठ्याने गर्रकन वळून बघितलं! खिडकीतल्या डेझर्ट कूलरच्या घरघरीत त्याला हाक वेगळी कळतच नव्हती. मग कूलर आधी एकवर ठेवून, नंतर दोनवर, असा सराव केला. सांगायचं हे की जागा किंवा आवाज बदलला की धडा पुन्हा पहिल्यापासून, फक्त या वेळी लवकर होतो. खोली, गॅलरी, फाटक, मग गल्ली, याच क्रमाने जा. गल्लीत पाचेक मीटरची सुती दोरी पट्ट्याला बांधा आणि दुसरी कुत्री लांब असतानाच सुरुवात करा. उन्हाळ्यात हे सकाळी सहाच्या आत उरका. आपल्याकडचं डांबर दुपारी इतकं तापतं की पंजे पोळतात.

नाव म्हणजे फक्त 'इकडे बघ', 'ये' हा वेगळा शब्द आहे. तो नंतर शिकवा. आणि आंघोळ, औषध, नखं कापणं यासाठी हाक मारूच नका, उठून जा आणि तिला घेऊन या.

इतकं करूनही फरक दिसला नाही, तर ती झोपलेली असताना मागून बिस्किटाचा पुडा चुरगाळून बघा. कानही हलला नाही तर डॉक्टरांना कान दाखवा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

सासरे मात्र अजूनही गुंड्याला 'साहेब' म्हणतात. आणि तो त्यालाही पहिल्या हाकेत ओ देतो, कारण त्यांच्या खिशात फुटाणे असतात.