मृत्युपत्र राहू द्या, आधी सौ.चं बोलू

सांगलीच्या विश्रामबागेतून एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्यांचं पत्र आलंय. वय ६८. प्रश्न साधा आहे: "मृत्युपत्र करून द्यायला वकील १५ हजार मागतात. कोर्टाबाहेरचा टायपिस्ट तेच दीड हजारात करून देतो म्हणतो. वकिलाला एवढे द्यावेत का?"

या प्रश्नाच्या आधी दोन पानं माहिती आहे आणि खरं दुखणं त्या दोन पानांत आहे. पेन्शन ४२ हजार. ठेवी ३८ लाख, सगळ्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी मुलगा. स्वकष्टाचं घर, आजच्या भावानं ७० लाखांचं. तासगावकडे दोन एकर जमीन, आजोबांपासूनची. मुलगा पुण्यात, मुलगी इचलकरंजीला दिलेली. तीन वर्षांपूर्वी बँकेतल्या साहेबांनी 'वारसा नियोजन' म्हणून गळ्यात मारलेली एक पॉलिसी, वर्षाला ४ लाख हप्ता. आणि जाता जाता एक वाक्य: "मुलाला पुण्यात फ्लॅटसाठी कर्ज काढायला सोपं जावं म्हणून घराचं बक्षीसपत्र त्याच्या नावे येत्या गुरुवारी करतोय, २०० रुपयांत होतंय."

दोन पानांत बायकोचा उल्लेख एकदाच आहे. "सौ. ६२, गृहिणी." संपलं.

साहेब, गुरुवारची वेळ आधी रद्द करा. बाकीचं पत्र नंतर वाचलं तरी चालेल.

मुलाला, मुलीला, नातवाला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, हे खरं आहे. वर स्थानिक संस्थेचा अधिभार किती बसतो, ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारलंत का? ७० लाखांवर एक टक्का म्हटलं तरी ७० हजार होतात. पण तो मुद्दा किरकोळ आहे. मृत्युपत्र तुम्ही उद्या फाडून परवा नवं करू शकता. बक्षीसपत्र नोंदलं की घर मुलाचं झालं, तुम्ही त्याच्या घरात राहणारे. तो ते बँकेकडे गहाण टाकणार, हे तर तुम्हीच लिहिलंय. मुलगा गुणी असेल, मी नाही म्हणत नाही. पण नोकरी गेली, हप्ते थकले, तर बँकेची नोटीस विश्रामबागेतल्या दारावर लागेल आणि दार उघडायला सौ. असतील.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याच्या २३ व्या कलमाखाली असं बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. मात्र मुलानं सांभाळ करावा या अटीवर घर दिलं होतं, हे दाखवावं लागतं. ती अट लिहिलेली बक्षीसपत्रं मी फार थोडी पाहिली. पोटच्या पोराला अट कसली घालायची, म्हणून आईबाप सही करून मोकळे होतात.

आता हिशेब. पेन्शनचे वर्षाला ५ लाख, ठेवींचं व्याज सात टक्क्यांनी साधारण २ लाख ६० हजार. एकूण ७ लाख ६०. त्यातले ४ लाख पॉलिसीला. उरले ३ लाख ६०, महिना ३० हजार. दोघांचं भागतंय, तुमची तक्रार नाही.

उद्या तुम्ही नाही असं धरा. राग मानू नका, मृत्युपत्राचं तुम्हीच काढलंत. कुटुंब निवृत्तिवेतन साधारण साठ टक्के, म्हणजे २५ हजार, वर्षाला ३ लाख. व्याज मिळालंच तर ५ लाख ६०. हप्ता चालू ठेवला तर उरतात १ लाख ६०. महिना १३ हजार. आणि 'व्याज मिळालंच तर' म्हणतोय, कारण नॉमिनी मुलगा आहे, बँक पैसे त्याच्या हातात देणार. घर मुलाचं, ठेवी मुलाच्या हातात. सौ.च्या नावावर काय राहिलं? बचत खातं आणि अंगावरचं सोनं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे कितीदा लिहायचं? तो फक्त पैसे उचलतो, वारसांच्या वतीनं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. तुमच्या माघारी मृत्युपत्र नसेल तर ३८ लाखांत सौ., मुलगा, मुलगी यांचे सारखे तीन हिस्से, तुमच्या आई हयात असतील तर चार. पण म्हणून बासष्टीतल्या बाईनं पोराकडे आपला हिस्सा मागायला जायचं का? ठेवी जशा मुदत पूर्ण होतील तशा दोघांच्या नावे करा, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात राहील तो' अशा. त्यातले ३० लाखांपर्यंत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सौ.ना जोड खातेदार घेऊन ठेवलेत, तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१ हजार येतात.

पॉलिसी. तुम्ही झेरॉक्स जोडलीत, बरं केलंत. विमा तुमचा नाहीच, मुलाचा आहे. पासष्टाव्या वर्षी तुमच्या नावानं परवडला नसता, म्हणून साहेबांनी त्याचं नाव घातलं आणि हप्ता तुमच्या माथी मारला. तुम्ही गेलात तरी कंपनी एक दमडी देणार नाही, उलट हप्ते मागेल. दहा वर्षांत ४० लाख भरायचे, विसाव्या वर्षी ८० मिळणार. "गॅरंटीड दुप्पट!" असं तुम्ही उद्गारचिन्ह देऊन लिहिलंय. हप्ते टप्प्याटप्प्यानं जातात, सरासरी धरली तर पैसे दुप्पट व्हायला साडेपंधरा वर्षं. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्या वर्षांनी ७२ ला भागलं की व्याजदर साधारण कळतो, तेव्हा बहात्तरला साडेपंधरानं भागा. साडेचार-पावणेपाच टक्के. पोस्टातही याहून बरं मिळतं. पैसे येतील तेव्हा तुम्ही ८५ चे, नातू २३ चा आणि महागाई सहा टक्के धरली तर त्या ८० लाखांची किंमत आजच्या तीसेक लाखांएवढी. १२ लाख गेलेत, त्यांच्यामागे उरलेले २८ घालू नका. पुढच्या हप्त्याआधी कंपनीकडून सरेंडर (आत्ता पॉलिसी मोडली तर हातात काय येतं) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी काय मिळतं) या दोन्ही किंमती लेखी मागवा. बँकेतल्या साहेबांना विचारू नका. ते "अजून दोन वर्षं थांबा" म्हणतील.

राहिला तुमचा प्रश्न. वकील १५ हजारांत नुसतं टाइप करून देणार असेल, तर टायपिस्टच बरा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावरही चालतं. पण तुमच्या सातबाऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' आहे. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन कुणाच्या तरी वतीनं तुमच्या नावावर आहे. तुम्हाला भाऊ-बहिणी आहेत का, ते पत्रात नाही. "जमीन मुलाला लिहायची, लेकीला लग्नात २२ तोळे घातलेत" हे मात्र आहे. साहेब, तोळ्यांनी हिस्सा फिटत नाही. जमीन वडिलोपार्जित ठरली तर लेकीचा हक्क जन्मानं आहे, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलाएवढाच. मृत्युपत्रात तुम्हाला फक्त तुमच्या हिश्श्याचं लिहिता येईल. तो किती, हे जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्याच्या नोंदी, काढल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. वकील ते फेरफार काढून वाचणार असेल, तर १५ हजार जास्त नाहीत. फी ठरवताना तेवढंच विचारा.

घराचं त्याच मृत्युपत्रात असं लिहून घ्या: सौ.ना हयातभर राहण्याचा आणि भाडं खाण्याचा हक्क, नंतर मुलाला. मुलाचा फ्लॅट त्याच्या पगारावर होऊ द्या.

नोंदणी सक्तीची नाही, पण करा. २०१९ च्या पुरानंतर सांगलीवाडीच्या एका घरातून माझ्याकडे लोखंडी पेटीतला कागद आला होता. टाइप केलेलं सगळं वाचता येत होतं. सही शाईपेनची होती, तिथं फक्त निळा डाग. नोंदणी असती तर कचेरीतून नक्कल मिळाली असती. पुढची दोन वर्षं दोघे भाऊ त्या डागावर भांडत होते.

आणि साक्षीदार म्हणून सकाळी फिरायला येणाऱ्या दोन मित्रांची नावं लिहिलीत, एक ७४ वर्षांचे, दुसरे ७९. पुढेमागे कोर्टात उभं राहून "सही माझ्यासमोर झाली" हे त्यांना सांगावं लागेल. चाळिशीतले दोघे शोधा, मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार नाही असे.