दत्तक मांजराचे नाव बदलताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या परिचयातील एक कुटुंब कायमचे परदेशी गेले आणि त्यांची तीन वर्षांची मांजरी आम्ही दत्तक घेतली. तिचे नाव ‘ऑलिव्ह’ आहे. सासूबाईंच्या तोंडी ते बसत नाही, म्हणून त्या तिला ‘अळू’ म्हणतात. मुलीने तिचे नाव ‘राणी’ ठेवायचे ठरवले आहे, तर यजमानांचे म्हणणे असे की, एवढ्या मोठ्या मांजरीचे नाव बदलणे हा तिच्यावर अन्याय आहे. ती सध्या बहुतेक वेळ पलंगाखाली बसून असते आणि कोणाच्याच हाकेला दाद देत नाही. नाव बदलावे का, आणि बदलायचे तर ते तिला कसे शिकवावे? आमच्या घरात सामिष शिजत नाही, हेही सांगून ठेवते. — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाव अवश्य बदलावे. तुमच्या यजमानांची भावना चांगली आहे. परंतु नावाशी आपली ओळख, आपले घराणे आणि आपल्या आठवणी जशा जोडलेल्या असतात, तशा त्या मांजरीच्या नावाशी जोडलेल्या असतात, असे मानायला आधार नाही. मांजरी माणसांना आणि इतर मांजरांना ओळखते ती मुख्यतः वासावरून, आवाजावरून आणि हालचालींवरून. तिचे स्वतःचे नाव तिच्या दृष्टीने एक ठरावीक ध्वनी असतो, आणि तो ऐकू आला की पाठोपाठ काय घडते, यावर त्या ध्वनीची किंमत ठरते.

मांजरांना नाव कळतच नाही, हा समज मात्र खरा नाही. जपानमधील आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली याविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मांजरांना आधी चार सामान्य शब्द ऐकवले, ज्यांची लांबी आणि उच्चाराचा चढउतार त्या त्या मांजराच्या नावासारखाच होता. एकामागून एक शब्द ऐकून मांजरे हळूहळू दुर्लक्ष करू लागली, आणि मग पाचव्या क्रमांकावर स्वतःचे नाव येताच त्यांतील अनेकांनी पुन्हा कान टवकारले किंवा मान वळवली. अनोळखी माणसाच्या आवाजात नाव ऐकवले तरीही हा फरक दिसला. ‘हे नाव म्हणजे मी’ असे मांजराला वाटते, हे यातून सिद्ध होत नाही. पण घरात बोलल्या जाणाऱ्या शेकडो शब्दांमधून तो एक ध्वनी ते वेगळा काढते, हे नक्की. तीन वर्षांच्या मांजरीने एक ध्वनी असा शिकलेला असेल, तर दुसराही ती शिकू शकते. वयाची अडचण येथे येत नाही.

या अभ्यासातील आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नाव ऐकून उठून आलेली किंवा आवाज केलेली मांजरे फारच थोडी होती. बहुतेकांचे उत्तर कानाच्या किंवा मानेच्या हालचालीपुरतेच होते. त्यामुळे ‘दाद देत नाही’ असे ठरवण्याआधी तिच्या कानांकडे पाहावे. पलंगाखाली बसलेल्या मांजरीचा एक कान तुमच्या हाकेच्या दिशेने वळत असेल, तर तिने ऐकले आहे. बाहेर येण्याइतका विश्वास अद्याप बसलेला नाही, इतकेच.

म्हणूनच पहिले काही दिवस नावाचा विषय बाजूला ठेवावा. तिला एक शांत खोली द्यावी, तेथेच खाणे, पाणी आणि त्यांपासून दूर शौचासाठी माती भरलेला ट्रे ठेवावा, आणि पलंगाखालून तिला ओढून बाहेर काढू नये. तुमच्या उपस्थितीत ती निवांत खाऊ लागली की शिकवणीला प्रारंभ करण्याची वेळ झाली, असे समजावे. भेदरलेल्या मांजरीला वारंवार हाका मारल्या, तर नवे नाव आणि भीती यांचीच सांगड बसते आणि ती पुढे सोडवणे कठीण जाते. लपून बसलेली मांजरी पूर्ण दिवस काहीच खात नसेल, तर मात्र वाट न पाहता पशुवैद्यकांना दाखवावे. दीर्घ उपवासाने मांजरांच्या यकृतावर गंभीर परिणाम होऊ शकतो.

आता कोणते नाव? माझे मत विचाराल, तर मी सासूबाईंच्या बाजूने आहे. ‘अळू’ हे नाव दोन अक्षरी आहे, शेवटी दीर्घ स्वर असल्यामुळे ते लांबून हाक मारायला सोपे आहे, आणि ‘ऑलिव्ह’च्या आरंभाशी त्याचे थोडे साम्यही आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दिवसभर घरात असणारी आणि बहुधा तिला खायला घालणारी व्यक्ती ते नाव आधीपासूनच वापरते आहे. मांजरीला नाव शिकवण्यात खरी अडचण घरातील माणसांची असते. एकाने ‘राणी’, दुसऱ्याने ‘ऑलिव्ह’, तिसऱ्याने ‘मनी’ म्हटले आणि चौथ्याने नुसतेच ‘शुक शुक’ केले, तर त्या बिचारीने कोणत्या आवाजावर भरवसा ठेवायचा? ‘राणी’ हे नाव वाईट नाही, पण लहान मुलीने ठेवलेले नाव आजींच्या तोंडी बसायला जितका काळ लागेल, तितका काळ मांजरीचा गोंधळ चालू राहील. (भाजीच्या अळूचे फदफदे ज्या दिवशी होईल, त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली, तर तो दोष तिचा नाही.) मुलीचे मन राखायचे असेल, तर ‘अळूराणी’ हे लाडाचे नाव पुढे ठेवता येईल; पण तेही मूळ नाव पक्के झाल्यावर.

शिकवण्याची रीत सोपी आहे. तिची जेवणाआधीची, थोड्या भुकेची वेळ साधावी. तिच्यापासून हातभर अंतरावर बसून स्पष्ट आणि मृदू आवाजात एकदाच ‘अळू’ म्हणावे आणि लगेच, एका-दोन सेकंदांच्या आत, खाऊचा एक छोटा दाणा तिच्यासमोर ठेवावा. प्रारंभी ती तुमच्याकडे पाहते की नाही, हे पाहू नये. नाव आणि खाऊ यांचा क्रम तेवढा चुकवू नये, कारण खाऊ आधी दिसला आणि नाव नंतर ऐकू आले, तर नावाकडे लक्ष देण्याचे तिला काही कारणच उरत नाही. असे चार-पाच वेळा करून थांबावे. दिवसातून दोन-तीनदा अशा छोट्या बैठका पुरतात. ती तोंड फिरवून अंग चाटू लागली, तर त्या वेळचा पाठ संपला. काही दिवसांनी नाव उच्चारताच ती खाऊच्या अपेक्षेने तुमच्याकडे पाहू लागेल. मग ती दुसरीकडे पाहत असताना हाक मारावी, नंतर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून आणि शेवटी दुसऱ्या खोलीतून. अंतर वाढवल्यावर ती चुकू लागली, तर एक पायरी मागे यावे. नाव पक्के झाल्यावर प्रत्येक वेळी खाऊ देण्याची गरज नसते, परंतु तो पूर्णपणे बंद मात्र करू नये.

घरात सामिष शिजत नाही, याची अडचण वाटू देऊ नये. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे आणि तिला टॉरिनसारखे घटक प्राणिजन्य आहारातून मिळावे लागतात, तेव्हा तुम्ही तिला बाजारातील कॅट फूड देतच असाल. त्याच कोरड्या खाद्याचे काही दाणे रोजच्या मापातून बाजूला काढून ठेवले, की खाऊ तयार होतो आणि तिचे वजनही वाढत नाही. दुधाचे आमिष टाळावे. बऱ्याच प्रौढ मांजरांना ते पचत नाही. कांदा किंवा लसूण असलेला कोणताही पदार्थ तर मुळीच देऊ नये, कारण त्याने मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशींना इजा होते. ज्या मांजरीला खाण्यात फारसा रस नसतो, तिच्यासाठी दोरीला बांधलेल्या पिसाचा खेळ किंवा गालाजवळ हलकेच खाजवणे हेही बक्षीस ठरते.

जुन्या नावाला ती प्रतिसाद देत असल्याचे लक्षात आले, तर त्याचा उपयोग करून घ्यावा. आधी ‘अळू’ म्हणावे, क्षणभर थांबून ‘ऑलिव्ह’ म्हणावे आणि मग खाऊ द्यावा. नवे नाव आधी आले पाहिजे. क्रम उलटा केला, तर ती जुन्या नावालाच दाद देऊन मोकळी होते. नव्या नावावरच ती मान वळवू लागली, की जुने नाव सोडून द्यावे. त्याआधी पूर्वीच्या कुटुंबाला एवढे अवश्य विचारावे, की ते तिला जेवायला प्रत्यक्षात कोणत्या शब्दाने आणि कोणत्या सुरात बोलावत असत. कागदावर ‘ऑलिव्ह’ असलेल्या मांजरीला घरात सगळे ‘ओली’ म्हणत असण्याचा संभव बराच असतो. आधीच्या ठिकाणी मांजरीला मारहाण झाल्याचे माहीत असेल, तर मात्र जुने नाव पहिल्या दिवसापासून टाकून द्यावे. सुदैवाने तुमच्याकडे तसे काही दिसत नाही.

एक पथ्य सर्वांनी कटाक्षाने पाळावे. औषध पाजायचे आहे, नखे कापायची आहेत किंवा दवाखान्याच्या पिंजऱ्यात घालायचे आहे, अशा वेळी तिला नावाने बोलावू नये. मुकाट्याने जाऊन उचलून घ्यावे. ओट्यावर चढली म्हणून ‘अळू!’ असे ओरडणेही तितकेच घातक आहे. एका रागाच्या हाकेने सगळे बिघडते असे नाही, पण पंधरा दिवस खाऊ मिळवून देणारा शब्द आज पकडला जाण्याची सूचना देऊ लागला, तर तिने पळून जाणेच शहाणपणाचे आहे. लसीकरणाच्या पुस्तिकेवर मात्र पुढच्या भेटीत नवे नाव लिहून घ्यावे आणि जुने नाव कंसात राहू द्यावे, म्हणजे आधीच्या लसींची नोंद तुटत नाही.

प्रश्न : आमच्या वाडीत दोन भाऊ-बोके आणून पाळले आहेत. नावे ‘बंड्या’ आणि ‘गुंड्या’. एकाला हाक मारली की दोघेही येतात, किंवा दोघेही येत नाहीत. त्यांना आपापली नावे कळतील का? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नावे कानाला गोड आहेत, पण ती जवळजवळ सारखीच ऐकू येतात, आणि हाक लांबून मारली की पहिले व्यंजन विरून जाते व ‘...ंड्या’ एवढेच पोहोचते. शिवाय दोघांनाही जेवण बहुधा एकाच वेळी मिळत असेल, म्हणजे कोणाचेही नाव घेतले तरी दोघांचाही फायदाच होतो. मग त्यांनी फरक करावा कशासाठी? वर उल्लेखिलेल्या जपानी अभ्यासात मांजरांच्या एका कॅफेतील, म्हणजे जेथे ग्राहक मांजरांच्या सहवासात बसतात अशा ठिकाणची, मांजरेही होती. त्यांना आपली नावे इतर शब्दांपासून वेगळी काढता आली, पण स्वतःचे नाव आणि सोबतच्या मांजराचे नाव यांत त्यांनी भेद केल्याचे दिसले नाही. सगळी नावे सतत कानावर पडत असली आणि खाऊ कोणालाही मिळत असला, तर असे होणे स्वाभाविक आहे.

एकाचे नाव बदलावे, हे उत्तम. ‘बंड्या’ तसाच ठेवून दुसऱ्याला ‘काळू’, ‘मोती’ असे काहीतरी वेगळ्या स्वरांचे नाव द्यावे. मग दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून, वर सांगितल्याप्रमाणे आपापले नाव शिकवावे. ते पक्के झाल्यावर दोघांना समोर बसवावे आणि ज्याचे नाव घेतले, त्यालाच खाऊ द्यावा. दुसरा पुढे आला तर त्याला रागावू नये, नुसते दुर्लक्ष करावे आणि पुढची हाक त्याच्या नावाची द्यावी, म्हणजे थांबण्यातही फायदा असतो, हे त्याला उमगते. कोकणात खाऊची चिंता नाही. उकडलेल्या, काटे काढलेल्या माशाचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरेत. खारवलेली सुकी मासळी मात्र त्यासाठी वापरू नये, त्यात मीठ फार असते.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी आम्ही एक पांढरेशुभ्र, निळ्या डोळ्यांचे पिल्लू दत्तक घेतले. खेळकर आहे, पोटभर खाते, जवळ येऊन झोपते. पण ‘हिमा’ या नावाला आजवर एकदाही वळून पाहिलेले नाही. आमचे कोठे चुकते आहे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे बहुधा काहीच चुकत नाही, हिमाला ऐकूच येत नसावे. पूर्ण पांढऱ्या आणि दोन्ही डोळे निळे असलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरे जन्मतः बहिरी आढळतात. जो जनुक अंगावरचा रंग नाहीसा करतो, त्याच्यामुळे आतल्या कानाच्या कामाला लागणाऱ्या रंगपेशीही पुरेशा तयार होत नाहीत. ती झोपलेली असताना किंवा पाठमोरी असताना, तिला दिसणार नाही आणि जमीन हादरणार नाही अशा रीतीने, खाऊची पिशवी चुरचुरवून पाहावी. कान जरासुद्धा हलला नाही, तर पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावे. काही मांजरांना एकाच कानाने ऐकू येते, म्हणून ही चाचणी वेगवेगळ्या बाजूंनी करावी.

ती बहिरी असल्याचे ठरले, तरी तिला हाक शिकवता येते. फक्त ती हाताने मारावी लागते. पाचही बोटे उघडून मिटणे यासारखी एक ठळक खूण निवडावी, ती तिच्या नजरेसमोर करावी आणि लगेच खाऊ द्यावा. बाकीचा क्रम वर सांगितलेलाच आहे. ती पाठमोरी असेल, तेव्हा जमिनीवर हलकेच थोपटावे किंवा खोलीतला दिवा एकदा मालवून पुन्हा लावावा, म्हणजे ती वळून पाहते आणि खूण दाखवता येते. घरातील सर्वांनी एकच खूण वापरावी. झोपलेल्या हिमाला एकदम हात लावू नये. आधी तिच्या अंथरुणावर हात टेकवावा आणि तिला जाग येऊ द्यावी, नाहीतर ती दचकून ओरबाडते. तिला एकटीला घराबाहेर सोडू नये, कारण गाडी किंवा कुत्रा जवळ आल्याचे तिला कळणार नाही. गळ्यात ताण पडताच आपोआप सुटणारा पट्टा घालावा आणि त्यावर तुमच्या दूरध्वनी क्रमांकासोबत ‘ऐकू येत नाही’ असे लिहून ठेवावे. ‘हिमा’ हे नाव मात्र बदलण्याचे काही कारण नाही. ते तुमच्यासाठी आणि दवाखान्याच्या नोंदीसाठी राहू द्यावे, आणि तिच्याशी बोलणेही थांबवू नये. बोलताना आपला चेहरा आणि हात जसे हालतात, ते ती पाहतच असते.