जुन्या मियाटाचं सस्पेन्शन रोजच्या रस्त्यासाठी अपग्रेड करायचंय, थेट कॉइलओव्हर घ्यावेत का?

तुमचा प्रश्न वाचला. १९९५ची माझदा मियाटा (दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार), १ लाख ३० हजार मैल झालेत, सस्पेन्शन सगळं कंपनीचंच आहे, राहता डेट्रॉइटजवळ, ट्रॅकवर न्यायची नाहीये, फक्त उन्हाळ्यात ऑफिस आणि वीकेंडची चक्कर. बजेट दीड हजार डॉलर आणि मित्र म्हणतोय डोळे मिटून कॉइलओव्हर टाक (म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला, उंची कमीजास्त करता येणारा सेट).

माझं मत सरळ सांगतो, आत्ता नका घेऊ. माझ्याकडे १९९१ची १.६ इंजिनवाली आहे, मीही मिशिगनमध्येच राहतो, आणि सुरुवातीला मी नेमकं हेच केलं होतं. हजार डॉलरच्या आतला एक सेट घेतला, पुढे १० किलोच्या स्प्रिंगा (म्हणजे १ मिमी दाबायला १० किलो वजन लागतं), गाडी दीड इंच खाली बसवली. दिसायला सुंदर दिसत होती. पण फ्रीवेवरच्या काँक्रीटच्या प्रत्येक जोडावर मान हलायची आणि वळणात मध्येच एखादा खड्डा आला तर मागचं चाक चक्क बाजूला उडी मारायचं. जी गाडी चालवायला मिळावी म्हणून दोन वर्षं पैसे साठवले ती बाहेर काढायचाच कंटाळा यायला लागला, बायको तर त्यात बसेनाशीच झाली. एक उन्हाळा तसाच काढला आणि सेट विकून टाकला.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच आहेत.

मियाटा फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली. तोशिहिको हिराई यांच्या टीमची गाडी ही, आणि त्यांचं सूत्र होतं 'जिंबा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. गाडीचं वजन टनाच्या आसपास आणि चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी धरलेलं. शॉक आणि स्प्रिंग बसतात खालच्या आर्मच्या मधल्या भागात, चाकापाशी नाही. त्यामुळे पुढचं चाक ३ इंच वर गेलं की शॉक साधारण २ इंचच दबतो. आणि हा फरक दोनदा लागू होतो, एकदा अंतरात एकदा जोरात, म्हणून स्प्रिंगचा जेवढा कडकपणा आहे त्याच्या निम्म्याहून थोडा कमी चाकापर्यंत पोचतो. हा हिशोब धरला तर कंपनीच्या स्प्रिंगवर गाडीचं पुढचं टोक सेकंदाला साधारण सव्वा वेळा वरखाली होतं. रस्त्यावरच्या स्पोर्टी गाडीला दीड-पावणेदोन छान वाटतं. माझ्या त्या १० किलोच्या स्प्रिंगांवर आकडा दोनच्या वर जात होता. ट्रॅकच्या गुळगुळीत डांबरावर ते चालतं, पण आपल्याकडे मार्चमध्ये भेगांतलं पाणी गोठून वितळून रस्त्याची जी चाळण होते तिथे नाही चालत.

आणि यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे ट्रॅव्हल. या गाडीत शॉकला दबायला जागा मुळातच कमी आहे. शॉकच्या दांड्यावर जो फोमचा तुकडा असतो ना, बंप स्टॉप, त्याच्यापर्यंत ती लवकर पोचते. गाडी दीड इंच खाली केलीत की ती जवळजवळ त्या तुकड्यावर बसूनच चालते, मग स्प्रिंग कितीही महाग असो, तुम्ही खरं म्हणजे त्या फोमवर गाडी चालवताय. "लोअरिंग स्प्रिंग टाकल्यावर गाडी एकदम स्टिफ झाली" असं लोक कौतुकाने सांगतात तेव्हा निम्म्या वेळा ती बंप स्टॉपवर आपटत असते.

हे तुम्हाला फुकटात तपासता येतं. शॉकचा धुळीचा बूट वर सरकवा, चकाकणाऱ्या दांड्याला एक झिप टाय घट्ट बांधा, खाली शॉकच्या बॉडीला टेकवा, आणि रोजच्या रस्त्याने वीसेक मैल फिरून या. शॉक दबतो तेव्हा झिप टाय वर ढकलला जातो आणि सगळ्यात मोठ्या झटक्याला जिथे पोचला तिथेच थांबतो. परत येऊन बघा, तो बंप स्टॉपला जाऊन चिकटलाय की खाली जागा शिल्लक आहे. मी माझ्या मूळ शॉकवर हे खूप उशिरा केलं, तेव्हा झिप टाय फोमच्या आत रुतून बसलेला सापडला, आणि फोम हातात घेतला तर त्याचा भुगा झाला. म्हणजे इतकी वर्षं जो ठक् ठक् आवाज मी "मऊ स्प्रिंग" समजत होतो तो लोखंडावर लोखंड आपटण्याचा होता.

तर आता तुमच्या दीड हजारात मी काय केलं असतं.

आधी टायर. हसू नका, कारण टायर ही सुद्धा एक स्प्रिंगच आहे. साइडवॉलवर DOT या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, २३१४ असेल तर २०१४ सालचा २३वा आठवडा. उन्हाळ्यातच फिरणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, नुसता म्हातारा होतो, नक्षी नवी दिसते आणि रबर दगडासारखं असतं. मूळ साइज १८५/६०-१४, त्यात चांगले टायर आता फार मिळत नाहीत म्हणून बरेच जण १५ इंचाच्या हलक्या रिमवर १९५/५० टाकतात, तेही ठीक. फक्त १६-१७ इंचाच्या जड रिमच्या नादी लागू नका. आणि हवा बघा, दाराजवळच्या स्टिकरवर २६ पीएसआय लिहिलंय, पण टायरवाला सवयीने ३५ भरतो आणि आपण शॉकला शिव्या देत बसतो.

मग रबर. हा भाग लोक टाळतात कारण दिसत नाही आणि फोटोही काढता येत नाही. प्रत्येक आर्मच्या टोकाला रबरी बुश असतात, तीस वर्षांत त्यांची गत जुन्या कुकरच्या रिंगसारखी होते, कडक आणि चिरा पडलेली. स्टिअरिंग ढिलं वाटणं, ब्रेक मारताना गाडी भरकटणं, यातलं बरंचसं तिथून येतं, स्प्रिंगमधून नाही. नवे रबरी बुश टाका. पॉलियुरेथेनचे टाकायचे तर टाका पण नीट ग्रीस केलं नाही तर करकरतात, आणि रोजच्या वापराला मला रबरच आवडतं.

आता एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच. रबरी बुशचा बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना आवळायचा नाही. आतली लोखंडी नळी रबराला चिकटवलेली असते, बोल्ट आवळला की ती जागेवर जाम होते आणि आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. चाकं लटकत असताना आवळलंत तर गाडी खाली टेकवल्या क्षणीच रबर पिळलेलं, मग ते कायम ओढून धरतं आणि थोड्या महिन्यांत फाटतं. माझे पहिले नवे बुश एका गॅरेजने असेच लिफ्टवर आवळून दिले होते, वर्षाच्या आत चारपैकी तीन फाटले आणि मजुरीचे पैसे पुन्हा गेले. म्हणून बोल्ट आधी नुसते बोटाने लावा, गाडी चाकांवर उभी करा, एकदोनदा दाबून हलवा, आणि मग खाली शिरून आवळा. गाडी बुटकी आहे, चाकांखाली लाकडी ठोकळे ठेवले की पाना फिरायला जागा मिळते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीच शिरू नका, स्टँड लावाच.

मिशिगनची गाडी असेल तर अलाइनमेंटचे एक्सेंट्रिक बोल्ट (जे फिरवून चाकाचा कोन बदलतात) बुशच्या नळीत गंजून एक झालेले असणार. आठवडाभर आधीपासून रोज पेनिट्रेटिंग ऑइल मारा, आणि सोडण्याआधी त्यांच्या जागेवर पांढऱ्या मार्करने खुणा करून ठेवा. तरी नाही सुटले तर कापावे लागतात, म्हणून एक जोडी नवे बोल्ट आधीच मागवून ठेवा. खाली शिरलाच आहात तर पुढच्या फ्रेम रेल (गाडीखालचे लांब पोकळ दांडे) आणि दाराखालच्या सिल्सचं मागचं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. तिथे भोक पडलं तर सस्पेन्शनचे पैसे आधी पत्र्याला लागतील, आणि ते तसेच लागायला हवेत.

आता शॉक आणि स्प्रिंग. एवढ्या मैलांनंतर मूळ शॉक संपलेत हे धरूनच चाला, तेल गळत नसलं तरी. बिलस्टाइन किंवा कोनीचे पिवळे मिळाले तर घ्या, कोनीचा रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडताना होणारा विरोध) हाताने कमीजास्त करता येतो, मी माझे बरेचसे मऊच्या बाजूला ठेवलेत. स्प्रिंग पुढे ३०० पाउंड प्रति इंच आणि मागे २००च्या जवळपास, याहून पुढे रस्त्यासाठी जायची गरज नाही. (१ किलो प्रति मिमी म्हणजे ५६ पाउंड प्रति इंच, जाहिराती वाचताना हे उपयोगी पडतं.) गाडी मूळ उंचीपेक्षा फार तर पाऊण इंच खाली. बंप स्टॉप नवे आणि चांगल्या फोमचे घ्या, टप्प्याटप्प्याने कडक होणारे, ते स्वस्त असतात आणि फरक मोठा पडतो. अजून एक जुनी युक्ती, १९९९ नंतरच्या मॉडेलचे शॉकचे वरचे माउंट या गाडीला बसतात आणि त्याने ट्रॅव्हल थोडी वाढते, फक्त तुमच्या स्प्रिंगला ते जुळतात का हे विकणाऱ्याला विचारून घ्या. स्प्रिंग कंप्रेसर भाड्याने आणणार असाल तर जपून, दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. भरवसा वाटत नसेल तर तेवढं काम दुकानात करून घ्या, कमीपणा नाही त्यात.

अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी कलू न देणारा दांडा, सध्या राहू दे.

शेवटी अलाइनमेंट, आणि इथे पैसे वाचवू नका. "स्पेकमध्ये आहे" म्हणून हिरवी पट्टी दाखवणारा नको, सांगाल ते आकडे लावणारा शोधा. कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल, उणे म्हणजे वरचं टोक आत) पुढे उणे १ अंश, मागे उणे दीड, कॅस्टर (बाजूने बघताना स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) साडेचार ते पाचच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंना सारखा, टो (वरून बघताना चाकांची दिशा) पुढे-मागे अगदी किंचित आत. आणि मोजताना ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्याएवढं वजन ठेवायला सांगा, टनभराच्या गाडीत आपले ७०-८० किलो कमी नसतात.

माझ्या गाडीत हे सगळं झालं तेव्हा पहिल्यांदा डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरून घरी येताना एक मॅनहोलचं झाकण आलं, जे मी दोन वर्षं लेन बदलून चुकवायचो. त्या दिवशी विसरलो. एकदाच धप् झालं आणि गाडी सरळ चालत राहिली, हातात स्टिअरिंगला फक्त झाकणाची कड जाणवली.

स्क्रीनशॉट पाठवलेला तो कॉइलओव्हरचा सेट कार्टमधून काढा, आणि या शनिवारी झिप टाय बांधून एक फेरी मारा. चारही शॉकवर तो कुठे थांबला ते आणि टायरवरचे शेवटचे चार आकडे मला कळवा, मग पुढच्या स्प्रिंगचा नेमका आकडा सांगतो.