फुलाचा फोटो आहे, पानाचा कुठंय?

प्रश्न : ताई, श्रावणात येडशीच्या रामलिंग अभयारण्यात ज्वाळेसारखं लाल-पिवळं फूल दिसलं. फोटो पाठवतोय. मोबाइलचं ॲप दर वेळी वेगळंच नाव सांगतं. काय असेल? – एक वाचक, लातूर

उत्तर : पाकळ्या मागे वळलेल्या दिसतात, म्हणजे कळलावीच वाटते. खात्री पानावरून झाली असती; तिच्या पानाचं टोक लांबून तणाव्यासारखं आधाराला विळखा घालतं. म्हणून फूल समोरून आणि बाजूनं, मग पान, खोड, अख्खी वेल, असे फोटो घ्या. शेजारी नाणं ठेवलं की आकार कळतो. रानफळांनाही हेच लागू. पण केवळ फोटोवरून ओळखलेलं फळ तोंडात घालू नका, लेकरांना तर मुळीच देऊ नका! कळलावी विषारी आहे, विशेषतः तिचा कंद. गुंजेचं देखणं लाल-काळं बीही विषारीच.