जुमला म्हणजे थाप नव्हे

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय, जुमला म्हणजे खोटं आश्वासनच ना, आणि प्रचारात असे जुमले देणारे भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली सुटतात कसे?

ताई, आधी ते "जुमला दिला" म्हणणं सोडा. पेपरात, टीव्हीवर, पारावर, जिथं बघावं तिथं तेच. थाप, बाता, भूलथापा, लोणकढी थाप एवढं घरात असताना जुमल्याला कामून बदनाम करायचं? 2015 च्या फेब्रुवारीत अमित शहा एका मुलाखतीत, काळा पैसा आणून प्रत्येकाच्या खात्यात 15 लाख या मोदींच्या प्रचारातल्या बोलण्याला जुमला म्हणाले, तिथून हा अर्थ चिकटला आणि 2022 ला लोकसभा सचिवालयाच्या असंसदीय शब्दांच्या यादीत 'जुमलाजीवी' (जुमल्यांवर जगणारा) पण आला.

मूळ शब्द अरबी, अर्थ एकूण, बेरीज. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पाच हवालदार मिळून एक जुमला, त्यावर जुमलेदार. गोवळकोंड्याला मीर जुमला हे पदच होतं, महसुलाचा जमाखर्च बघणारा. त्यामुळं "हा हिंदीतून आत्ता घुसलेला शब्द" म्हणून नाक मुरडणारे शुद्धतावाले साफ चुकतात, त्यांनी आमच्याकडचे जुने हिशोबाचे कागद बघितलेच नाहीत.

आता खरी गंमत. माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, त्यांच्यासाठी जुमला म्हणजे सरळ वाक्य, शब्दांची बेरीज! आणि त्या व्याकरणात जुमल्याचे दोन प्रकार. खबरिया म्हणजे जे खरं की खोटं तपासता येतं, "विहिरीला पाणी आहे". इन्शाइया म्हणजे हुकूम, प्रश्न, इच्छा, "पाणी आण", "पाऊस पडो", इथं खऱ्याखोट्याचा सवालच नाही. माझं तर ठाम मत आहे की आपला निवडणूक कायदा नेमका याच रेषेवर उभाय, वकील मंडळी हसतात पण हसू द्या. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(4) बघा, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वागण्याबद्दल जाणूनबुजून खोटी माहिती प्रसिद्ध केली की भ्रष्ट आचरण, निवडणूक रद्द होऊ शकते. ही पक्की खबरिया. पण "निवडून द्या, नळ देतो" हे त्यात बसत नाही, जाहीरनाम्यातली आश्वासनं भ्रष्ट आचरण नाहीत असं सुप्रीम कोर्टानं 2013 ला सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात सांगितलंय. आणि घटनेच्या 19(2) मध्ये बोलण्यावर बंधन घालायची जी कारणं आहेत, बदनामी, कोर्टाचा अवमान, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे, त्यात नुसतं खोटं बोलणं कुठंच नाही.

म्हणून चिडते मी. "धरण झालं" असं न झालेल्या धरणाबद्दल सभेत सांगणं हे खोटं आहे, त्याला खोटंच म्हणा. जुमला म्हटलं की ते नुसतं एक वाक्य होऊन जातं आणि बोलणारा मोकळा.

आणि हो, उर्दूत जुमलेबाज म्हणजे हजरजबाबी, चटकदार टोमणे मारणारा, खोटारडा नव्हे. कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या हिशोबाच्या वहीत बेरजेखाली 'जुमला' लिहिलेलं सापडलं तर मला नक्की कळवा.