मुलगा एबी गटाचा आहे, स्थळ नाकारू का?

वाचकांचे प्रश्न, रक्तपेढीतून निवृत्त झालेल्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : मुलीसाठी स्थळ सांगून आलंय. मुलगा सरकारी नोकरीत, घरचं सगळं चांगलं. बायोडाटात रक्तगट एबी पॉझिटिव्ह लिहिलाय. भाचीने व्हॉट्सॲपवर पाठवलं की एबी गटाच्या माणसांना हृदयविकार २३ टक्के जास्त होतो. आमची मुलगी बी पॉझिटिव्ह. डॉक्टरबाई, होकार कळवायला हात धजत नाही. (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, पूर्वी पत्रिकेत मंगळ निघायचा, आता बायोडाटात एबी निघतो. पण भाचीला दोष देऊ नका, आकडा खरा आहे. २०१२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या जवळपास ९० हजार स्त्री-पुरुषांच्या वीसहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासल्या. ओ गटाच्या तुलनेत हृदयविकाराचा धोका ए गटात ५ टक्के, बी गटात ११ टक्के आणि एबी गटात २३ टक्के जास्त दिसला.

आता हे २३ टक्के कशाचे, ते बघा. नुसतं समजण्यापुरतं धरा, की ओ गटाच्या हजार माणसांत १०० जणांना हा आजार होतो. मग एबी गटाच्या हजारात १२३ जणांना होईल. उरलेले ८७७ जण मेसेजमध्ये कधीच येत नाहीत. शिवाय तुमच्या मुलीचे ११ टक्के आहेतच; मुलाकडच्यांना तो मेसेज अजून पोचलेला दिसत नाही.

असं का होतं, याचं एक कारण रक्त गोठण्यात आहे. रक्त गोठायला मदत करणारं व्हॉन विलेब्रांड फॅक्टर नावाचं एक प्रथिन असतं. ओ गटाच्या माणसांत ते सुमारे २५ टक्क्यांनी कमी असतं. म्हणून पायाच्या शिरेत गुठळी होण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी आणि बाकीच्या तिन्ही गटांत जास्त.

मुलाला भेटाल तेव्हा विचारायचंच असेल, तर तंबाखू खातो का, सिगारेट ओढतो का, वडिलांना आणि काकांना हार्ट ॲटॅक कितव्या वर्षी आला, हे विचारा. मी तर हे एबी सोडून इतर गटांच्या मुलांनाही विचारलं असतं. दोघंही पॉझिटिव्ह आहेत, त्यामुळे बाळंतपणात आरएचची, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह न जुळण्याची, काळजी नाही. आणि अगदी विरळा अपवाद सोडला, तर नातवंड ओ गटाचं होणार नाही. एबी बापाकडून त्याला ए नाहीतर बी मिळणारच.

प्रश्न : मी गडचिरोलीत वनरक्षक आहे. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. बरोबरचे म्हणतात, ओ वाल्याच्या डोक्यात मलेरिया जात नाही. खरं आहे का? जंगलात मच्छरदाणी वागवायचा फार कंटाळा येतो. (एक वाचक, गडचिरोली)

उत्तर : दादा, तुमच्या बरोबरच्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, आणि तरीही मच्छरदाणी सुटत नाही.

आधी खरं काय ते सांगते. जिवावर बेतणारा मलेरिया बहुतेक वेळा फाल्सिपेरम जातीच्या परजीवीमुळे होतो. तुमच्या भागात तो आहेच. हा परजीवी ज्या तांबड्या पेशीत शिरतो, ती पेशी आजूबाजूच्या निरोगी पेशींना स्वतःला चिकटवून घेते. असे पुंजके बारीक रक्तवाहिन्यांत अडकले की रक्त पुढे सरकत नाही, आणि ते मेंदूत घडलं की माणूस बेशुद्ध पडतो. ए आणि बी गटांच्या पेशींवर साखरेचा एकेक जादा रेणू असतो, तोच परजीवीच्या उपयोगी पडतो. ओ गटात तो नसतो, त्यामुळे पुंजके ढिले राहतात, लवकर सुटतात.

आफ्रिकेतल्या माली देशात लहान मुलांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. निरोगी मुलांमध्ये ओ गटाची मुलं ४४-४५ टक्के होती. गंभीर मलेरिया झालेल्यांत मात्र ती फक्त २१ टक्के निघाली. रक्तगटाचा एवढा ठळक परिणाम फार थोड्या आजारांत दिसतो.

पण त्याच अभ्यासातला तिसरा आकडा तुमच्या मित्रांपर्यंत आला नसावा. साधा मलेरिया झालेल्या मुलांतही ओ गट ४४-४५ टक्केच होता. म्हणजे डास चावतो, परजीवी शिरतो, थंडी वाजून ताप भरतो, हे सगळं ओ वाल्यांनाही तितकंच होतं. आणि ते २१ टक्केही ओ गटाचेच होते, हे विसरू नका. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं आणि गोळ्यांचा डोस पुरा करायचा, मध्येच बरं वाटलं तरी.

ओ गटाचा तोरा मिरवू नये याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पटकी. कॉलरा ओ गटाच्या माणसाला जास्त जोरात होतो. बांगलादेशात हे दिसलं, १९९१ च्या साथीत पेरूमध्येही दिसलं. गंगेच्या मुखाकडच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या पटकी ठाण मांडून होती आणि तिथे ओ गटाचं प्रमाण कमी आहे. यात पटकीचा हात असावा, असं काही शास्त्रज्ञ मानतात. मला हा तर्क पटतो. एकच गट सगळ्या रोगांवर मात करणारा असता, तर बाकीचे गट टिकलेच नसते.

पटकीच्या उपचाराला मात्र गट लागत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. तोवर ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू ४ टक्क्यांच्या आत आले. जलसंजीवनीची पुडी तुमच्या पिशवीत असू द्या, मच्छरदाणीच्या शेजारीच.

प्रश्न : माझा गट ए. एका आहारतज्ज्ञांनी गटानुसार आहार म्हणून दूध आणि मटण बंद करायला सांगितलं. महिन्याची फी बरीच आहे. चालू ठेवू का? (पुणे)

उत्तर : फी वाचवा. हे खूळ १९९६ च्या सुमारास अमेरिकेतून आलं. टोरोंटोमध्ये १४५५ जणांवर पडताळणी झाली, २०१४ साली निष्कर्ष आला : भाजी-फळं वाढली आणि मांस कमी झालं की फायदा होतो, मग गट कुठलाही असो. ए गटाचा पोटाशी खरा संबंध आहे तो वेगळाच. ए गटात जठराचा कर्करोग सुमारे २० टक्क्यांनी जास्त आढळतो, हे ब्रिटनमध्ये १९५३ सालीच दिसलं होतं. त्यासाठी दूध सोडून उपयोग नाही. पोट सतत दुखत असेल, वजन घटत असेल, शौचाला काळं होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आयुष्यभर माझा गट ओ पॉझिटिव्ह सांगत आले. परवा शिबिरात रक्त दिलं, तर रक्तपेढीतून फोन आला की गट ‘बॉम्बे’ आहे. हा काही आजार आहे का? (कुडाळ)

उत्तर : आजार नाही. तुम्ही धडधाकट आहात म्हणून तर तुमचं रक्त घेतलं. हा गट १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला, म्हणून त्याला शहराचं नाव. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो.

ए आणि बी ज्याच्यावर उभे राहतात, तो एच नावाचा पाया ओ गटाच्या पेशीवर निदान असतो, तुमच्यात तोही नाही. गट तपासताना टाइलवर ए आणि बी ओळखणारे निळे-पिवळे थेंब टाकले, की तुमचं रक्त ओ सारखंच स्वच्छ दिसतं, रवाळ होत नाही. इथेच लोक फसतात. तुमचा सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, ओ पेशींबरोबर तपासला की मग कळतं. तुमच्या रक्तपेढीने तेवढी तसदी घेतली, त्यांचे आभार माना.

धोका एकाच ठिकाणी आहे. तुम्हाला ओ गटाचं रक्त चढवलं तर जिवावर बेतेल. बॉम्बे गटाला बॉम्बेच लागतं. तेव्हा गटाचं कार्ड कायम पाकिटात ठेवा आणि घरच्यांना तोंडपाठ करून द्या. ऑपरेशन ठरलं तर डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे स्वतःचंच रक्त काढून ठेवता येतं. सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. प्रत्येकाचा गट हाच असण्याची शक्यता चारात एक असते. कुणाचा निघाला, तर दोघांचीही नावं रक्तपेढीच्या दुर्मिळ गटांच्या यादीत नोंदवा.